दोन बोटं माया

वासुदेव रेळेकरांनी आयुष्यात माया न सोडता एकही कपडा बेतला नव्हता. शिवणीच्या आत कापडाची जी जास्तीची पट्टी दडवलेली असते, तिला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि ती पट्टी बाहेर सोडायची. चिकपेट या कानडी बाजारपेठेतल्या त्यांच्या दुकानात लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या मुलींना ते मापाचा ब्लाउज हातात घेतानाच सांगत, "दोन बोटं ठेवतो हं आत. वर्षा-दीड वर्षानं या, सोडून देतो." मुली लाजत, त्यांच्या आया हसत. पुढे त्या मुली खरोखरच येत आणि वासुदेवरावांचा अंदाज सहसा चुकत नसे.

स्वतःच्या धाकट्या मुलीचा अंदाज मात्र त्यांना कधी आलाच नाही.

कावेरी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होती. बिस्किटात पाणी किती, चरबी किती, जाडी बरोबर आहे का, हे दिवसभर मोजायचं. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, पेटेतल्या मराठी घरांतून तिच्याविषयी नाना तर्क चालत. कुणी म्हणे, तिला क्षय झालाय. कुणी म्हणे, कुठेतरी प्रेमभंग झालाय. आणि बिस्किटाच्या कारखान्यात कामाला असून पोरीच्या अंगावर मूठभर मांस नाही, म्हणजे ती बिस्किटं कसली असतील, असंही कुणी म्हणे. खरं तर मांस होतं. मांसच होतं. नव्हती ती चरबी. हा फरक लोकांना समजावून सांगायचा नाद तिने केव्हाच सोडला होता.

त्याची सुरुवात कॉलेजात झाली. शरीरशास्त्राच्या तासाला सरांनी भिंतीवर एक चित्र लावलं होतं. छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटापर्यंत उतरलेला एक रुंद स्नायू, मधोमध उभी पांढरी रेघ, आणि आडव्या पट्ट्यांनी त्याचे पडलेले चौकोन. सर म्हणाले, "हा सगळ्यांना असतो. बायकांत दिसत नाही."

"नसतो की दिसत नाही, सर?"

"असतो. दिसत नाही."

"का?"

"दिसायची गरज काय?" सर म्हणाले आणि वर्ग हसला.

गरज काय, याचं उत्तर कावेरीला तेव्हा सुचलं नाही आणि नंतरही सुचलं नाही. पण जी गोष्ट आहे ती दिसू नये, आणि का दिसू नये हे कुणी सांगूही नये, हे तिला पटेना. नोकरी लागल्यावर पहिल्याच रविवारी ती पेटेतल्या मराठी समाजाच्या गरडीत जाऊन उभी राहिली. गरडी म्हणजे तालीम. अर्ध्या भागात लाल मातीचा हौदा, अर्ध्या भागात लोखंडी वजनं, वर मंगळुरी कौलं. तिथले शेषगिरी मास्तर मूळचे निपाणीचे, शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "काय पायजे?"

"पोटाचा स्नायू बघायचाय."

"कुणाचा?"

"माझा."

मास्तरांनी थोडा विचार केला. "आत ये," म्हणाले. "चप्पल भाइर."

त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

*

दसऱ्याला समाजाच्या सभागृहात दरवर्षी कार्यक्रम असे आणि शेवटी गरडीतली पोरं अंगाला तेल लावून शक्तिप्रदर्शन करत. श्रावणातल्या बैठकीत मास्तरांनी त्यांची नावं तोंडी सांगितली. पाच पोरांची नावं झाली.

"आणि कावेरी," मास्तर म्हणाले.

"कुठली कावेरी?" बिंदुमाधव महेंद्रकरांनी विचारलं. ते समाजाचे सेक्रेटरी. जरीच्या साड्यांचं मोठं दुकान.

"वासुदेवरावांची."

"ती ईशस्तवन म्हणणार का?"

"न्हाई. पोट दाखवणार."

बिंदुमाधवांनी चष्मा काढला. "मास्तर, गावात आधीच त्या सुंदऱ्यांच्या स्पर्धेवरून मोर्चे निघतायत. बायकांनी अंग दाखवावं की दाखवू नये, यावर पेपरात रोज भांडणं. आणि आपण समाजाच्या स्टेजवर मुलीचं पोट दाखवायचं?"

कावेरी मागे बायकांत बसली होती. ती उठली. "काका, इथं बसलेल्या सगळ्यांचंच पोट दिसतंय की."

सभागृहाच्या डाव्या अंगाला पदर सारखे करण्याची एक लाट उसळली आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"ती साडी आहे," बिंदुमाधव म्हणाले. "साडीची गोष्ट वेगळी. साडी म्हणजे मर्यादा."

"मग मी साडीत येते."

बिंदुमाधवांच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरला. "मग ये की. सहावारी नेस, ब्लाउज वडिलांकडून शिवून घे आणि खुशाल ये. समाजाची काय हरकत?" साडी म्हटलं की सगळं झाकलं, असा त्यांचा समज होता. जन्मभर साड्या विकलेल्या माणसाचा समज. साडीत काय उघडं राहतं ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं, कारण ते रोजच समोर होतं.

मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी आणखी एक पुस्ती जोडली. "पण दिसायला काही असलं तर दाखव. नाहीतर लोक म्हणायचे, उपाशी पोर आणून उभी केली. मास्तर, गरडीची जागा समाजाची आहे, बरं का. स्टेजवर काही दिसलं नाही, तर उद्यापासून तिथं मुली नकोत. कबूल?"

गरडीत मुली म्हणजे एकटी कावेरीच होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "कबूल."

*

स्नायू तयार होता, तो प्रश्न नव्हता. प्रश्न त्याच्यावरच्या पांघरुणाचा होता. कातडीखालची चरबी एका मर्यादेच्या खाली उतरल्याशिवाय खालचं काही वर उमटत नाही. शंभर वेळा आडवं पडून उठलं की पोटावरची चरबी पोटावरूनच जाते, असं गरडीतली पोरं छातीठोकपणे सांगत. कावेरीला ते कधी खरं वाटलं नाही. चरबी अख्ख्या अंगाची मिळून जाते, आणि कुठून आधी जायचं ते अंगच ठरवतं. आपल्या हातात फक्त ताट आणि मेहनत.

म्हणून तिने ताट बदललं. भात मूठभर, उसळ वाटीभर, ताक, भाजी, आणि तेलातुपाचं बोट न लावलेल्या चपात्या. कारखान्यात बिस्किटांची जाडी मोजायला व्हर्निअर असे, तसलाच एक तिने स्वतःसाठी विकत आणला होता. बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरायची आणि घडी किती जाड आहे ते बघायचं. पोटाला चिमटा काढणं हे आजवर तिने गरिबीच्या गोष्टींत ऐकलं होतं. ती ते मोजमाप म्हणून रोज सकाळी करत होती.

सुरुवातीला घडी भराभर पातळ झाली. खिडकीजवळ तिरप्या उजेडात उभं राहून श्वास सोडला की वरची एक आडवी रेघ अंधूक दिसू लागली. मग गाडं अडलं. आठवडे गेले, गणपती आले आणि गेले, व्हर्निअर तिथंच.

"चिमटा रोज त्याच जागी धरतीस का?" मास्तरांनी विचारलं.

"तीळ आहे तिथं. तिळाशेजारीच धरते."

"भूक लागती?"

"लागते."

"चक्कर?"

"नाही."

मास्तरांनी मान वळवून हौद्याकडे बघितलं. पुढचा प्रश्न त्यांना अवघड होता, पण ते तो दर महिन्याला विचारत. "महिन्याचं घड्याळ?"

"वेळेवर आहे."

"ते बंद पडलं की आपलं दुकान बंद. पोट दिसू दे न्हाईतर न दिसू दे, दसरा असू दे न्हाईतर दिवाळी."

"ठाऊक आहे, मास्तर."

"मग कुठंतरी जास्त खाल्लं जातंय बघ. वजन खोटं बोलत न्हाई. माणूस बोलतंय."

"मी नाही बोलत."

"तू न्हाई बोलत," मास्तर म्हणाले, "पण तुझ्या घरात आणि कोण कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी कावेरीने डब्यातल्या तीनपैकी एकच चपाती खाल्ली. उरलेल्या दोन तिने भट्टीत वाळवल्या, खलात कुटल्या आणि सॉक्सलेटमध्ये घातल्या. सॉक्सलेट हे काचेचं उपकरण आहे. पदार्थावरून द्रावक पुन्हा पुन्हा खेळवायचं म्हणजे त्यातली सगळी चरबी धुऊन खाली चंबूत उतरते, मग द्रावक उडवून टाकायचं. बिस्किटांवर ती हे रोज करायची. गव्हात स्वतःची चरबी अगदी थोडी असते, म्हणजे चंबूच्या तळाला नुसता पातळसा थर मिळायला हवा होता. दुपारी तिने चंबू हातात घेतला तेव्हा तळाशी पिवळं, दाणेदार, चांगलं चमचाभर काहीतरी थिजलं होतं. तिने वास घेतला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कुठला नमुना?"

"घरचा," कावेरी म्हणाली.

*

"आई, आजच्या चपात्या कोरड्या होत्या?"

"कोरड्याच की. तवा बघ हवा तर. तेलाचं बोट लागलेलं नाही." विद्याबाई आमटी ढवळत होत्या.

"तव्यावर नाही लागलं. कणकेत लागलं. मोहन घातलंस."

डाव थांबला. "कोण म्हणतं?"

कावेरीने पर्समधून छोटी काचेची बाटली काढली आणि ओट्यावर ठेवली. विद्याबाईंनी ती उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली. स्वतःच्या हातचं तूप बाईला ओळखू न यायला काय झालं?

"चपातीतून काढलंस हे?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"रंग तरी चांगला ठेवलायस," विद्याबाई म्हणाल्या आणि बाटली खाली ठेवली. "स्वल्पच घातलं होतं."

"तुझं स्वल्प किती असतं ते आज मोजून आले मी."

"तू काय म्हणाली होतीस? वरून तूप नको. आतून नको, असं कुठं म्हणालीस?"

कावेरीला हसू आलं आणि रागही आला. राग जास्त होता. "आई, मी महिनाभर वेड्यासारखी स्वतःला तपासतेय. माझं मोजमाप चुकतंय, माझं अंगच तसलं आहे, मला जमणारच नाही, इथपर्यंत आले होते मी."

"मग नको ना जमू दे." विद्याबाईंनी डाव आमटीत सोडून दिला. "महेंद्रकरांच्या पद्माक्का दारात उभं राहून विचारतात, अगं, पोरीला जेवायला घालत नाहीस वाटतं. काय सांगू मी त्यांना? आमच्या माहेरी तूप फक्त देवापुढच्या निरांजनात असायचं. वातीला मिळायचं, आम्हाला नाही. माझ्या पोरीला कमी पडू देणार नाही, म्हणून मी या घरात पाऊल ठेवलंय. आणि तू ते काचेतून गाळून परत आणून देतेस."

बाटली दोघींच्या मधे होती.

"तुझं तूप मी टाकून देत नाही," कावेरी म्हणाली. "दसरा झाला की खाईन, तुझ्यासमोर बसून, तू वाढशील तेवढं. पण माझ्या ताटात काय आहे ते मला ठाऊक असलं पाहिजे. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा आत काय आहे ते छापतात, आई."

"मी काय पुडा आहे?"

"नाहीस. म्हणून तर विचारतेय."

विद्याबाईंनी बाटलीचं बूच उघडलं, वास घेतला, पुन्हा लावलं. "सरी," म्हणाल्या, म्हणजे कानडीतलं बरं.

"सरी म्हणजे हो की नाही?"

"सरी म्हणजे सरी."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून हाक आली. "ये बाई, कणीक मळतेय. बघून जा, मग कोर्टात साक्ष दे." परातीत पीठ, पाणी आणि मीठ होतं. विद्याबाईंनी मोकळे हात उलटे सुलटे करून दाखवले, जादूगार दाखवतो तसे. व्हर्निअर पुढच्याच आठवड्यात हलला.

*

राहिला ब्लाउज. नवरात्र बसायच्या आधी ती दुकानात गेली. वासुदेवराव खडूने रेघा मारत होते.

"अण्णा, जांभळ्या साडीवरचा ब्लाउज हवाय. दसऱ्याचा."

"बेतू की."

"माया नको."

खडू थांबला. "काय नको?"

"माया. आतली पट्टी कडेला जाड होते. हात वर केले की फुगते आणि ब्लाउज खाली सरकतो. मला वीतभरच जागा मिळणार आहे, अण्णा. त्यातला एक धागासुद्धा वाया घालवायचा नाही."

"माया नसलेला कपडा एकदाच घालायचा असतो," वासुदेवराव म्हणाले. "उद्या अंग भरलं तर फेकून द्यायचा का?"

"उद्याचं अंग उद्या. हा आजच्या अंगाचा शिवा."

"लग्न झालं, मूलबाळ झालं की..."

"अण्णा, तुमच्या दुकानात मुलगी आली की तुम्ही तिला तिचं पुढचं अंग आधीच शिवून देता. तिला ते हवंय का, हे कधी कुणी विचारलं?"

वासुदेवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीस वर्षांत त्यांच्या कसबाला कुणी नाव ठेवलं नव्हतं आणि ही घरातलीच पोर ठेवत होती. त्यांनी गळ्यातली टेप काढली. "उभी राहा," म्हणाले.

कंबर घेतली, छाती घेतली, बाही घेतली. मग मागे जाऊन पाठीवर टेप धरली. "हात पसर."

तिने पसरले.

"असे नव्हे. गरडीत पसरतेस तसे."

अण्णा गरडीत कधी आले होते, हे तिला आठवेना. तिने कोपर बाहेर काढले, खांदे खाली दाबले आणि पाठ पसरली. टेप सरकल्याचा बारीक आवाज आला. वासुदेवरावांनी आकडे लिहिले नाहीत. ते कधीच लिहीत नसत.

*

दसऱ्याच्या संध्याकाळी सभागृह भरलं. गुणवंतांचे सत्कार झाले, बाळगोपाळांचे नाच झाले, गरडीतल्या पाच पोरांनी दंड फुगवून शिट्ट्या मिळवल्या. स्टेजमागच्या खोलीत कावेरीने गडद जांभळी साडी नेसली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लाउज अंगात चढवला. कापड अंगाला कातडीसारखं लागलं. तिने सवयीने काखेखाली शिवणीवर बोट फिरवलं आणि बोट थबकलं. आत पट्टी होती. दोन्ही बाजूंना. पुरी दोन बोटं.

ती तडक बाहेर आली. वासुदेवराव विंगेत उभे होते, कॉलरला सुई टोचलेली.

"माया ठेवलीत."

"ठेवलीय."

"नको म्हटलं होतं, अण्णा."

"पोटाची नको म्हणालीस. कंबरेला बघ, एक दोरा जास्त सापडला तर दुकान बंद करतो." ते तिच्या मागे गेले. "ही पाठीची आहे."

या घरात 'नको' या शब्दाला नेहमी एक मागचं दार असे.

"तू पाठ पसरलीस की टेप पुढे सरकते," ते तिच्या खांद्यामागून सांगत होते. "अंगाबरोबर शिवला असता तर स्टेजवर फाटला असता. म्हणून आत कच्चा धावदोरा घातलाय, आता तो ओढून काढतो. आणि पुढच्या वर्षी आणखी वाढलीस तर कापड शिल्लक आहे. घे, श्वास घे."

दोरा सरसरत निघाला. बरगड्यांना सैल वाटलं. पुढच्या वर्षी, असं अण्णा म्हणाले होते. तेवढ्यात बाहेरून ध्वनिक्षेपकावर तिचं नाव आलं.

"आता," बिंदुमाधव माइकवर म्हणत होते, "आपल्या समाजाच्या एम.एस्सी. झालेल्या कन्या, कुमारी कावेरी रेळेकर, व्यायामाचं महत्त्व या विषयावर दोन शब्द बोलतील."

विंगेत दोरीपाशी उभे असलेले शेषगिरी मास्तर खाली मान घालून म्हणाले, "बघ. भाषणच केलं की गं तुझं."

कावेरी स्टेजवर गेली. टाळ्या पडल्या, भाषणाला पडतात तशा, बसल्या बसल्या. तिने माइकचा दांडा उचलून एका बाजूला ठेवला. मग खांद्यावरचा पदर ओढून घेतला, त्याची घट्ट चुणी केली आणि डाव्या कमरेला खोचला.

पदर खोचलेली बाई काय असते, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती कामाला लागते, नाहीतर भांडायला उठते. कुजबुज आपोआप थांबली.

तिने हात डोक्यामागे घेतले, बाजूच्या दिव्याकडे थोडी वळली आणि सगळा श्वास सोडला.

ब्लाउजच्या कडेखाली वीतभर जागा होती. तिथे आधी मधली उभी रेघ पडली. मग आडवी एक, मग तिच्याखाली आणखी एक. दोन्ही अंगांना दोन दोन चौकोन, रेखीव, चित्रात होते तसे. खालचे साडीच्या निऱ्यांत गेले होते. त्यांचं तिला वाईट वाटलं नाही. जेवढी मर्यादा मिळाली होती तेवढी तिने काठोकाठ भरली होती.

पहिल्या रांगेत बिंदुमाधवांच्या पत्नी पद्माक्का विद्याबाईंच्या कानाशी वाकल्या. सगळीकडे इतकी शांतता होती की ते तीन रांगांना ऐकू गेलं. "अगं, बरगड्या दिसतायत पोरीच्या."

"बरगड्या वर असतात, पद्माक्का," विद्याबाई म्हणाल्या. "हे पोट आहे. तुम्हालाही आहे. आत."

"पण खायला घालतेस ना तिला?"

"घालते की. तूपसुद्धा घालते. ती ते काढून मोजते." आणि विद्याबाई पुन्हा स्टेजकडे बघू लागल्या, हातातला रुमाल घट्ट पिळत.

मागून कुणीतरी शिट्टी घातली. कुणीतरी त्याला गप्प केलं. एक म्हातारे गृहस्थ नीट दिसावं म्हणून उभे राहिले आणि त्यांच्या मागचे "बसा, बसा" म्हणू लागले.

बिंदुमाधव विंगेत धावले. "मास्तर, पडदा."

"दोरी अडकलीया," शेषगिरी मास्तर म्हणाले.

"तुमच्या हातात आहे ती."

"व्हय. तिथंच अडकलीया."

बिंदुमाधव स्टेजच्या कडेला आले. पुढे यावं तर अख्खा समाज बघत होता, आणि न यावं तरीही बघतच होता. ते दबक्या आवाजात म्हणाले, "कावेरी, हे मर्यादेत नाही."

तिने एक हात खाली घेतला, बाजूला ठेवलेला माइक ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"साडी आहे, काका. सहावारी. ब्लाउज वडिलांनी शिवलाय." मग ती सभागृहाकडे वळली. "काका म्हणाले होते, दिसायला काही असलं तर दाखव. मागे दिसतंय का?"

मग शेवटच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. कावेरीला तो ओळखता आला नाही, आणि नंतरही कधी कळलं नाही कुणाचा ते.

"दिसतंय."

"इकडंही दिसतंय," दुसरी एक म्हणाली.

बिंदुमाधवांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. समोर जे होतं ते तसंच होतं.

पोट झालं होतं. पाठ राहिली होती. कावेरीने माइक ठेवला, ती सावकाश पाठमोरी झाली, कोपर बाहेर काढले, खांदे खाली दाबले आणि पाठ पसरली, होती तेवढी सगळी. विंगेत वासुदेवरावांनी डोळे मिटून कान दिला. शिवण फाटल्याचा आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता.

तो आला नाही.